नितीन साहेब जगायला निघाले

नितीनचा हिमालय कुठे अडला, ऐकलंत का? साखरशेतच्या फाट्यावर.

हा नितीन म्हणजे बदली होऊन पुण्याहून जव्हारला आलेला आमचा बँकेतला साहेब. त्याने हिमालयातला ट्रेक ठरवला. ट्रेकवाल्यांनी सांगितलं, तयारीसाठी रोज पाठीवर ओझं घेऊन चढ चढा. साहेबांनी सॅकमध्ये तांदूळ भरले आणि निघाले. पाण्याची बाटली मात्र जड होते, म्हणून ती माझ्याकडे. मी मागून मोटरसायकलवर.

फाट्यावर काही बायामाणसं बोचकी घेऊन गाडीची वाट बघत बसली होती. आमच्याकडे दिवाळी झाली की लोक भिवंडीकडे वीटभट्टीवर कामाला जातात. त्याला ‘जगायला जाणं’ म्हणतात. आता हे साहेबांना कोण सांगणार? मी तर मुळीच नाही.

एका मावशीने विचारलं, “दादा, कुठं जगायला चाललास?”

नितीन एकदम फुलला. “हिमालयात, मावशी! खरं जगणं तिथंच!”

“तिथं पण भट्टी आहे काय?”

“छे, तिथं नुसता बर्फ.”

“मग मुकादम कोण? नेतो कोण तुला?”

“आमचा गाइड. राहणं, जेवण, सगळं तोच बघतो.”

“उचल किती दिली त्यानं?”

“उचल म्हणजे अ‍ॅडव्हान्स ना? तो तर मीच त्याला दिलाय.”

मावशीने सॅककडे बघितलं, त्याच्या घामाकडे बघितलं आणि शेजारणीला म्हणाली, “सरक गं जरा. याला मुकादमानं फसवलाय. आपल्या गाडीत घेऊ.”