गोरखच्या कानाखालचा तीळ

हॅलो? … हॅलो, हां, निमगाव सावा. सावळेराम बोलतोय, दुकानातनं… कोण? गोरख! बोल बाबा. तुझ्या फोनची वाट बघत निम्मं गाव माझ्या दुकानात बसलंय. गिऱ्हाईक एक न्हाई, सगळे बसायलाच आलेत.

हाय ना तुझी आई. हितंच, साखरेच्या पोत्यावर… न्हाई रे, ती फोन धरत न्हाई. म्हणते, यंत्रातनं पोरगं वाळल्यावानी ऐकू येतं. तू चुलत्याला सांग, मी तिला सांगतो.

हो… हो, हो… म्हंजे उद्याच? पुण्यातच? … वैनी, उद्या सकाळी काढत्यात म्हणतो, तीळ… गोरख, ती मान हलवतीय. आडवी.

अरे, मला पटवून काय उपेग? मला कालच पटलंय. हवाई दलाच्या डॉक्टरांनी डोळं बघितलं, कान बघितलं, काळीज बघितलं, सगळं पास. आन विमान अडलं कानाखालच्या तिळावर! हेल्मेटचा पट्टा नेमका तिथंच घासणार, तीळ सोलवटणार… म्हणून तो काढायचा, जखम भरली की परत दाखवायचं, तवर अनफिट… बरं, टेंपररी अनफिट. वैनी, टेंपररी म्हणतो!

काय? … गोरख, ती म्हणते, जू घासलं तर आपण जू नीट करतो, बैलाचा खांदा कापत न्हाई. पट्टा सरकवा म्हणावं दोन बोटं… सांगितलं रे बाबा, की हेल्मेट सरकारी हाय. सरकारी वस्तूला हात लावता येत न्हाई, म्हणून तुला लावणार. तरी पटत न्हाई.

कोण? अंबाबाई? हां, तीबी आलीय, तिच्या गावठी इलाजासकट. वरातीच्या घोड्याच्या शेपटीचा केस घेऊन. म्हणते तिळाला बांध, आपोआप गळंल… काय? … हां, हां, सांगतो. अंबाबाई, चालत न्हाई! दवाखान्यातच काढायचा, तुकडा तपासायला पाठवायचा. आन वण जाड उठला तर पट्टा त्यालाबी घासणार. घोड्याचं घोड्याला द्या.

गोरख, ऐक ना. तुझ्या आईचं दुखणं येगळंच हाय… भीमाशंकरची जत्रा… शिवरात्रीची. तुला कसं आठवंल? चार वर्षांचा व्हता तू. तुला फार तर रेवडी आठवंल. गर्दीत हात सुटला. माईकवाल्यानं विचारलं, बाई, पोराची खूण सांगा. कपडं सांगावं तर त्या साली सगळ्याच पोरांना तसला निळा शर्ट. ही म्हणाली, उजव्या कानाखाली तीळ… हो, मग! एका बेलफूलवाल्यानं तुझा कान वर करून बघितला आन खांद्यावर बसवून आणला. तवापासनं बाजाराला निघायचं तरी ती आधी तुझा कान बघायची. तुला वाटायचं, मळ बघतीय.

आता ती म्हणते, जत्रंत हरवला तर माईक व्हता. आभाळात हरवला तर मी खूण काय सांगू?

हॅलो? … गोरख? … नाकातनं नको बोलू, समजत न्हाई.

काय? … येडा का खुळा तू? आन ती विमानाची जागा? … वैनी, ऐका. तुमी न्हाई म्हणाला तर तो तीळ काढत न्हाई. जागा दुसऱ्याला गेली तर जाऊ दे म्हणतो.

थांब गोरख, ती उठली… काय? … वैनी, हळू. लोकं हायेत… मी विचारू? अवो, मी दीर हाय, मला शोभतं का? … बरं, बरं. गोरख, तुझी आई विचारतीय, दुसरा जाग्यावर हाय का? … दुसरा तीळ. … अरे, दुसरा! … आता कुठला ते मी भर दुकानात वरडून सांगू? अंबाबाई, तुमी जरा शेंगदाणे निवडा. … बसायच्या जागंवरचा! डाव्या अंगाचा! … हसू नको.

तोबी बघितला त्यांनी? … सगळं काढून? सगळ्यांच्या म्होरं? … आन त्याला काय म्हणाले न्हाईत? … तिथं पट्टा लागत न्हाई म्हणून? अरे, पण विमान चालवायचं त्याच्यावरच बसून ना? … चपटा हाय… घासत न्हाई… असंल बाबा, डॉक्टर म्हणत्यात तर.

वैनी, हाय! जाग्यावर हाय. सरकारनं सोता बघून पास केलाय, त्याला कुणी हात लावत न्हाई… गोरख, ती मान हलवतीय… उभी! उभी हलवतीय! जा, काढून टाक उद्या!

थांब, ठेवू नको, ती काय तरी म्हणतीय… हां… हां… बरं, सांगतो. गोरख, ती म्हणते, ही खूण माईकवर सांगायला तिला लाज वाटंल. तवा तू हरवूच नको… हॅलो? … हॅलो? …

तुटली लाईन. … ऐकलं, वैनी, ऐकलं त्यानं. हसतच व्हता.