हँडलवरच्या दोन पाट्या

बस बस, वहिनी, अर्धाच कप — घरून पोहे खाऊन निघालो मी, पण तुमी कुठं ऐकता. अन् त्याले घाई नका करू, होऊ द्या आंघोळ आरामात, केशवचं पहिलेपासून असंच, सबस्टेशनच्या क्वार्टरमध्ये राहायचा तेव्हाही नळ जाईपर्यंत बाहेर नाही यायचा. मार्तंड येऊन बसला आहे एवढं सांगतलं ना त्याले? मंग झालं. गाडी कोपऱ्यावर लावून आलो — या जरीपटक्यात सकाळपासूनच बाजार, गाडी ठेवाले जागा नाही, एका भाजीवाल्यानं शिव्या घातल्या, घातल्या तर घातल्या. सेकंडहँड आहे, पण इंजिन बढिया. मागच्या महिन्यात रिटायर झालो, पोट्ट्यांनी शाल-नारळ दिलं, अन् दुसऱ्याच दिवशी मी गाडी पाहाले गेलो. काहून? अहो, ठरलं होतं ना आमचं. मी, केशव, कळमेश्वरचा गोपाळराव अन् रोशन — आमी विजेच्या खंब्यावरून उतरून सबस्टेशनले आलो की केशवजवळ बसून हेच बोलायचो, रिटायर झालो की चौघांनी मिळून गाडी घ्यायची, ज्या ज्या गावात आपण लाईन ओढली त्या त्या गावात जायचं, लोकायच्या घरी जेवायचं अन् म्हणायचं, लावा जी बल्ब, पाहू द्या. पोरकट बोलणं, पण केलं होतं. आता रोशन नाही. बाकीचे आहोत, तर म्हणलं जाऊन येऊ, केशवलेही काल फोनवर सांगतलं, बॅग भरून ठेव.

तुमी उभ्या काहून? बसा ना. पहिले गोपाळरावाकडे गेलो, कळमेश्वरले. दारात ओळखलंच नाही त्यानं मले — गुडघे गेले त्याचे, काठी घेऊन चालते, पण आवाज तसाच, गल्लीच्या टोकाले ऐकू जाईन असा. प्रेमिलावहिनीनं सावजी मटण केलं, घाम फुटेपर्यंत जेवलो, अन् मंग तो सुपारी कातरत बसला अन् बोलता बोलता नरखेडची गोष्ट निघाली. निघतेच ती. रोशनची. तुमाले तर सगळी माहीतच असन — नाही? केशवनं घरात कधीच नाही सांगतलं? कमाल आहे बाप्पा. ऑपरेटरची बायको तुमी, रोशन तुमच्या हातची भाकर खाऊन गेलेला माणूस, अन् तुमाले कोणी काही सांगतलं नाही. ऐका मंग. तसाही तो लवकर निघत नाही बाहेर.

लाईनवर चढायचं तर पहिले सबस्टेशनमधून परमिट घ्या लागते. ऑपरेटर, म्हणजे आपला केशव, करंट बंद करते अन् स्विचच्या हँडलवर लाल पत्र्याची पाटी टांगते — एका टोळीची एक पाटी. दोन टोळ्या कामावर असल्या तर दोन पाट्या. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच, स्वतः फोन करून, परत करायचं, मंग त्याची पाटी निघते. दुसऱ्याची तशीच राहते. हँडल पुरं मोकळं झालं की लाईन चालू. बस, एवढाच नियम. या नियमावर आमी जिवंत होतो, वहिनी, देवावर नाही. अन् त्या दिवशी — ऊन मरणाचं, संत्र्याच्या बगिच्यायले पाणी नाही, लोकं करंटसाठी बोंबलून राहिले — गोपाळरावची टोळी ओढ्याच्या पलीकडं, आमची अलीकडं. परमिट रोशनच्या नावानं. तो वर, मी खाली. मार्तंड्या, घसा सुकला गा, म्हणाला. मी विहिरीवर गेलो पाणी आणाले. कळशी भरली, उचलली, अन् पंप चालू झाला. कोणी बटन नाही दाबलं, काही नाही, आपोआप गुर्र करून पाणी फेकाले लागला. मले तिथंच समजलं. कळशी टाकून पळालो. काय पाहिलं ते नाही सांगत तुमाले, तुमी बाईमाणूस, मीच अजून जेवताना कधी कधी ताटावरून उठतो.

मंग सगळे म्हणाले, रोशनचीच गलती. मार्तंड पाण्याले गेला तेवढ्यात तो उतरला असन, बगिचावाल्याच्या घरून फोन करून परमिट परत केलं असन, अन् काही विसरलं म्हणून पुन्हा चढला असन. केशव म्हणाला, हँडल मोकळं होतं म्हणून चालू केलं. मी मानलं. मी नव्हतोच तिथं, कोणाले खोटं म्हणू? रोशनची बायको, माया, हेच ऐकत म्हातारी झाली — बाई, तुझ्याच नवऱ्याचा निष्काळजीपणा. अन् आता गोपाळराव सुपारी कातरता कातरता म्हणते काय, की फोन मी केला होता, माझ्या टोळीचं परमिट परत केलं अन् तिथंच बगिचावाल्याकडं फोनजवळ खाटेवर जागाच पडून होतो, डोक्यावरचा पंखा फिरला तेव्हाच उठलो, रोशन तिकडं आलाच नाही. म्हणलं, इतकी वर्षं तोंडात काय धरून बसला होता? तर म्हणते, मले वाटलं त्यानं दुसरीकडून केला असन. दुसरीकडून कुठून? अख्ख्या गावात एकच फोन. आणखी काहीबाही बोलत होता, फोन कोण्या बाईनं उचलला होता म्हणे — जाऊ द्या, आता नातवंडायची नावं आठवत नाहीत त्याले. पण मुद्द्याची गोष्ट समजली मले. रोशननं परमिट परत केलंच नव्हतं. अन् त्याची पाटी निघाली. कोणी काढली? तिथं कोण होतं? केशव होता.

नाही, मी काही भांडाले नाही आलो. भांडायचं असतं तर त्याच दिवशी आलो असतो ना, कळमेश्वरवरून सरळ. उलटा घरी गेलो, झोपलो. झोप नाही आली, पण पडून राहिलो. आज फक्त नरखेडले जायचं. खंबा अजून तिथंच आहे, तार नवीन टाकली. केशवले शिडीवर चढवतो — म्हणजे फार वर नाही, तारेपर्यंत. हात लावायचा तारेले, बस. खालून मी सांगीन, लाईन बंद आहे, लाव हात. त्याले समजू द्या की दुसऱ्याच्या शब्दावर वर उभं राहणं काय असते. जन्मभर खुर्चीवर बसून हँडल ओढलं त्यानं. अन् भ्यायचं कशाले, शटडाऊन घेतलेलं राहीन, तिथले पोट्टे माझ्याच हाताखाली तयार झालेले, अजून माझ्या शब्दाबाहेर नाहीत, मी म्हणलं पाटी लावा तर लावतात, मी म्हणलं आज नका लावू तर — काय झालं? असं काहून पाहून राहिल्या? लावतील ना. लावतीलच. बोलण्यात आलं माझ्या.

माझ्या घरी? घरी शेगावले चाललो म्हणून सांगतलं. बायकोले काहून घोर लावायचा. फोन बंद आहे माझा, केशवचाही बंदच ठेवीन, फोन वाजत राहिला की गप्पा होत नाहीत. संध्याकाळी परत — पाहू, वहिनी, शब्द नाही देत. माया येणार आहे तिथं, खंब्याखाली. तिले मी स्वतः जाऊन सांगतलं, बाई, तुझ्या नवऱ्याची गलती नव्हती, ज्याची होती तो माणूस घेऊन येतो मी तुझ्यापुढं. रडली नाही ती. फक्त म्हणाली, आणा. आता आणल्याबिगर जमते का?

नाही नाही, डबा नका भरू त्याले. राहू द्या म्हणलं ना, भाकरी काहून थापता, वापस ठेवा ते पीठ. तुमचे डबे तर मले आठवतात अजून. दुपारी क्वार्टरवरून निघायच्या तुमी, डोक्यावर पदर, कंट्रोल रूममध्ये टेबलावर डबा मांडून ठेवायच्या, अन् हा पठ्ठ्या मागच्या नळावर हात-पाय धुवाले जाऊन बसायचा, अन् तोपर्यंत तिथं कोणी नाही, तुमीच एकट्या —

वहिनी.

ठेवा ते पीठ खाली. इकडं पाहा.

त्या दिवशी डबा आणला होता तुमी? सोपं विचारून राहिलो, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. हं. अन् फोन वाजला. गोपाळराव बोलला, परमिट परत. बरं. मंग? मोठ्यानं बोला, नळ चालू आहे, त्याले नाही ऐकू जात. दोन्ही. दोन्ही पाट्या काढल्या तुमी. मदत म्हणून. फोनवर लोकं सकाळपासून शिव्या देऊन राहिले होते त्याले, लवकर चालू झालं तर दोन घास सुखानं खाईन म्हणून. अन् एक पाटी एकाच टोळीची असते हे तुमाले माहीत नव्हतं. खरं आहे, कोण सांगणार तुमाले, बायकायले कोण सांगते असल्या गोष्टी. तो हात पुसत आला, हँडल मोकळं दिसलं, ओढलं. हँडल मोकळं होतं — बरोबर बोलला तो, खोटं नाही बोलला. अन् हे त्याले कधी सांगतलं? त्याच दिवशी. म्हणजे रोशनच्या मातीले माझ्या खांद्याले खांदा लावून उभा होता तेव्हा माहीत होतं त्याले. मी त्याच्या गळ्यात पडून रडलो तेव्हाही माहीत होतं. रडा, वहिनी, मी अडवत नाही. पाणी पाहिजे का? मीही त्या दिवशी पाणीच आणाले गेलो होतो.

नळ बंद झाला.

ये, केशव. ये. काही नाही, वहिनींसंग बोलत बसलो होतो, तू काहून घाबरला? बॅग भरली का? ठेव खाली. ठेव म्हणलं. तू नको येऊ. नाही गा, मधात नको बोलू, इतकी वर्षं नाही बोलला, आता कशाले बोलतो. हात सोड माझा. बस तिथं, चहा निवून राहिला तुझा.

चला वहिनी. चप्पल घाला.