एकोणिसांची सरासरी

(शाळेमागच्या घराची ओटी. पाळण्यात मूल झोपलेलं.)

रावजी : ...म्हणून तेव्हाच सांगत होतो, बाई. मुलींना भगवतीच्या चढणीवर नेऊ नका, एखादी वाटेत आडवी होईल. हेच माझे शब्द. त्यावर तुम्ही काय म्हणालात?

विमला : हळू बोला, मास्तर. कालपासून सर्दीनं किरकिरतेय ही. आत्ता कुठे डोळा लागलाय.

रावजी : “भीती वाटत असेल तर तुम्ही खाली थांबा.” असं म्हणालात. सगळ्या मुलींसमोर. फिदीफिदी हसल्या त्या.

विमला : म्हणाले. आणि राही उतरताना पडली. परवापासून दुसरं काही ऐकलेलं नाही मी. विहिरीवर तेच, घरात तेच. सासूबाईंनी तर देवाला गाऱ्हाणं घातलंन, सुनेला बुद्धी दे म्हणून.

रावजी : सहा वाजता शाळेचं मंडळ बसतंय. मुलींची कवायत बंद, असा ठराव अध्यक्ष रावसाहेब लिहूनच आणणार आहेत. तुमचे आकडे तेवढे घेऊन ये, असं मला सांगितलंय.

विमला : आकडे घेऊन मी स्वतः येणार आहे.

रावजी : मंडळात? पाळणा घेऊन?

विमला : वेळ आली तर पाळणा घेऊन.

रावजी : बाई, मी तालमीत वाढलेला माणूस. दंड मोजले, जोर मोजले. छातीचे ठोके मोजत बसलेला कुणी पाहिला नाही. वीस मुली, वीस मुलगे, चढवा आणि मनगटं धरा! पुण्याच्या कॉलेजात हेच शिकवतात?

विमला : गणित शिकवतात. मुलीच्या जातीला धाव सोसत नाही, असं मंडळात जो तो म्हणतो. मोजून कुणी पाहिलंय? म्हणून मोजलं. मुली मी मोजल्या, मुलगे तुम्ही.

रावजी : आणि निघालं काय? वर दहा मिनिटं बसवल्यावर मुलग्यांची सरासरी चौऱ्याऐंशी ठोके, मुलींची अठ्ठ्याऐंशी. मुली निवायला मागेच. रावसाहेबांचंच खरं झालं की!

विमला : त्या अठ्ठ्याऐंशीत राही आहे. बसूनसुद्धा ती दीडशेवरून हलली नाही. तिला बाजूला ठेवलं तर बाकीच्या मुलींची सरासरी पंचाऐंशीसुद्धा भरत नाही.

रावजी : वा! पडली तिलाच काढायची. भारी सोयीचं गणित.

विमला : काढली नाही. काढावीशी वाटली, ते मात्र खरं. काल हिला पाजायला घेतली होती आणि डोक्यात भागाकार चालू होता. मग माझीच मला किळस आली. ती पोर अंथरुणात, आणि मी तिला बेरजेतून उठवतेय.

रावजी : मग दीडशे लागले तेव्हाच का नाही थांबवलंत तिला?

विमला : ...पुढची मुलगी मनगट पुढे करून उभी होती. ते धरलं.

यमुनाबाई : बाई, हाय काय घरात?

विमला : यमुनाबाई! या, वर या. राही कशी आहे?

यमुनाबाई : सकाळी पेज घेतलान. उशीला टेकून बसलीय. माझ्या बाईंना कुणी बोललं नाय ना, असं इचारत बसलीय.

विमला : मी काल येणार होते. दारापर्यंत येऊन परत फिरले. तुम्ही रागावला असाल.

यमुनाबाई : रागावलेय तर. नाय कशाला म्हणू? घरधनी बोटीवर, मी एकटी बाईमाणूस, नि पोर चौघांनी उचलून आणली. पन डॉक्टरान छातीला नळी लावून बघितलान. म्हणाला, हे चढणीनं झालेलं नाय. शिमग्यात ताप आला व्हता ना तिला, ढोपरं सुजली व्हती? त्या तापानं काळीज धरलान. आता सहा महिने निजून ऱ्हायचं.

विमला : ताप? मला कसं कुणी सांगितलं नाही?

यमुनाबाई : तुम्ही इचारलंत कधी?

रावजी : ताप असो नाहीतर काही असो. मंडळाला दिसणार ते एवढंच, की विसातली एक मुलगी पडली. विसातला मुलगा एकही पडला नाही.

विमला : मास्तर, मुलग्यांची बेरीज किती होती?

रावजी : पंधराशे शहाण्णव. पाठ आहे मला.

विमला : तिला विसानं भागा.

रावजी : ते तुमचं खातं.

विमला : ऐंशीसुद्धा होत नाहीत. तुम्ही तर चौऱ्याऐंशी म्हणता. तेवढे यायचे तर एकोणिसानं भागायला हवं. चढणीवर वीस मुलगे होते. मी स्वतः बघितलेत.

रावजी : होते वीस. एकाचं धरलं नाही.

विमला : का?

रावजी : मोजणी चुकली. माझं घड्याळ थोरल्या काकांच्या वेळचं, कधीकधी अडकतं.

विमला : किती आले होते?

रावजी : काहीतरीच आले होते. मुलग्याचे एवढे येतच नाहीत.

विमला : मास्तर, किती?

रावजी : एकशे अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजले, पुन्हा तेवढेच. म्हणून तर घड्याळावर संशय आला.

विमला : बाकीच्या एकोणिसांना तेच घड्याळ बरोबर चाललं?

रावजी : चाललं.

विमला : राहीचे दीडशे आले तेव्हा तुम्ही म्हणालात, मुलींचं काळीजच कच्चं. त्याचे आले तेव्हा घड्याळ कच्चं. कोण मुलगा?

रावजी : अहो, तो तर वर सगळ्यांत आधी पोचला! शाळेत त्याच्या तोडीचा धावणारा नाही. मयेकरांचा धोंडू.

यमुनाबाई : आमच्या शेजारचा? अरे देवा. मास्तर, त्यालापन तोच ताप झाला व्हता. राही उठली नि तो पडला. एकाच टोपातला काढा पाजलाय दोघांना.

रावजी : मला बोलला नाही कधी.

यमुनाबाई : बोलंल कसा? दम लागला म्हणणाऱ्या पोराला तुम्ही बायल्या म्हणता. आख्ख्या आळीला ऐकू येतं.

विमला : धोंडू आत्ता कुठे आहे?

रावजी : मांडवीला. वाळूवर. रविवारी शर्यत आहे, तालीम लावून आलोय.

विमला : आत्ता पळतोय तो?

रावजी : मी परत येईपर्यंत कुणी थांबायचं नाही, असं... असं सांगून आलोय.

विमला : मग इथे काय करताय?

रावजी : पण मंडळ! आकडा गाळला म्हणून कळलं तर रावसाहेब मला दारात उभा करणार नाहीत. बाई, माझ्या घरात पाच माणसं जेवतात.

विमला : आधी मी माझं सांगेन. दीडशे हाताला लागले आणि पोरीला तशीच उतरू दिली. मग सांगेन, विसातली एक आणि विसातला एक, दोघंही एकाच तापातून उठलेली. तुमचं तुम्ही येऊन सांगा. मी झाकणार नाही, आणि तिखटमीठही लावणार नाही.

रावजी : आणि दोन्ही कवायती बंद केल्या तर?

विमला : केल्या तर केल्या! ह्यांची सायकल अंगणात आहे, ती घ्या.

यमुनाबाई : बाई, पोर जागी झाली बघा. द्या माझ्याकडं. तुम्ही जावा मंडळात.

विमला : कपाळ गरम लागतंय का हो हिचं? नीट हात लावून बघा.

यमुनाबाई : नाय ओ. रडून लाल झालीय नुसती. जावा तुम्ही.

रावजी : मी निघतो. वळणावरूनच शिट्टी मारतो, म्हणजे लांबूनच थांबतील.

विमला : शिट्टी नको! तुमची शिट्टी ऐकली की तो आणखी जोरात पळेल. जवळ जा, नावानं हाक मारा, सावलीत बसवा. डॉक्टरांना मी बोलावणं पाठवते, ते येईपर्यंत उठू देऊ नका.

रावजी : बरं.

विमला : आणि मास्तर, मला काही झालेलं नाही, असंच म्हणेल तो. तरी बघा.