हवेला मारलेली लाथ

हाडांच्या दवाखान्यात, हाताला प्लास्टर घातलेल्या शिंपीणबाई आपल्या नंबराची वाट बघत होत्या. समोर उजवा गुडघा टम्म सुजलेले एक फुटबॉल प्रशिक्षक बसले होते, शेजारी त्यांची बायको.

“वीस वर्षं खेळलात तेव्हा गुडघा धड राहिला. आणि मैदानाबाहेर नुसतं उभं राहून मुरगळून घेतलात.”

“समोर मोकळा गोल असून आपला गडी चेंडू मारेना. माझाच पाय उठला.”

“तुमच्या पुढ्यात चेंडू होता?”

“नव्हता.”

“म्हणजे हवेला लाथ घातलीत.”

“रविवारी हरलो तर संघ खालच्या गटात जाईल. याला प्रशिक्षक करू नका म्हणणारे सगळे बघायला येणार आहेत. मी जाणार.”

“डॉक्टर उभं राहू देणार नाहीत.”

“खुर्चीत बसेन.”

“मागे घरी सोफ्यावर बसूनच टीव्हीवर सामना बघत होतात ना? टीपॉयची काच कशी फुटली मग?”

“जाणार म्हणजे जाणार.”

“मग मीही येते. हा सुजलेला पाय खुर्चीला बांधून टाकते, आणि बसा ओरडत.”

“खुशाल बांध. गोल मी डाव्यानेच मारायचो.”

शिंपीणबाईंनी आपले पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.