पवनचक्कीवर श्यामसुंदर सर

...आणि वर मलाच सांगतात, "दीपाली, इगो नको, टीमवर्क म्हण!" चोरीला टीमवर्क म्हणायचं? विश्रांतवाडीहून दोन बस बदलून ऑफिस गाठायचं मी, डोकं फोडायचं मी, आणि मीटिंगमध्ये आमचे मॅनेजर श्यामसुंदर सर सांगणार, "मला दाढी करताना सुचलं!" दाढी करताना! बरं बाई, कल्पना सरांची!

तुम्हाला सांगते, गोष्ट साधी आहे हो. पवनचक्कीच्या डोक्यावर हा एवढा गिअरबॉक्स असतो. बिघडला की बोलवा क्रेन! मी म्हटलं, काढून टाका तो. वर नुसता पंप ठेवा. पाती फिरली की पंप तेल दाबणार, तेल पाइपातून खाली येऊन मोटार फिरवणार, मोटार जनरेटर फिरवणार. वारा कितीही नाचू दे, मोटार सांभाळून घेते, जनरेटर एका लयीत. बिघडणारं बरंचसं जमिनीवर! तुम्हाला कळलं ना? सरांना नव्हतं कळलं. पण कल्पना सरांची!

मग आले गिऱ्हाईक. वाघोलीचे सर्जेराव. यांच्या जमिनीवर आयटी कंपनी उभी राहिली, आलेल्या पैशातून यांनी साताऱ्याकडच्या पठारावर पवनचक्की घेतलेली. सरांनी इंग्रजीतून अर्धा तास वारा घातला. सर्जेराव म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या. पाइप फुटला तर काय व्हतंय?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी... आहाहा! मी गोड हसले. म्हटलं, "सरच सांगतील. कल्पना सरांची!"

सर घामाघूम. "तसा... तो फुटत नाही."

"आसं? मंग तुमीच या की बसवायला. चालू हुईस्तोवर तितंच ऱ्हावा. दुसरं कुनी नगं मला."

सर पुटपुटले, "दीपालीला साइटचा अनुभव..." मी म्हटलं, "छे छे, सर! तुमचं बाळ, तुम्हीच न्हाऊ घाला!" अहो, हा माणूस उंचीला एवढा घाबरतो, की ऑफिसच्या गच्चीवर कधी चहाला आला नाही! तो त्या टॉवरच्या शिडीला लटकलेला, खाली सर्जेराव ओरडताहेत, "सायेब, डोळं उघडा!" या विचारानं मी हिवाळाभर सुखानं जेवले. फोन यायचा, "दीपाली, प्रेशर पडतंय, काय करू?" मी म्हणायची, "दाढी करून बघा, सर!"

मग उपायही सांगायची. अहो, मशीन माझंच ना! ते कसं बंद पडू देऊ?

आणि परवा सर साइटवरून परत आले. काळे ठिक्कर, नखांत तेल. मला वाटलं, आता पाया पडतील. तर कागद ओढला आणि म्हणाले, "वर पहाटे गारठ्यात तेल घट्ट होतं, पंप कण्हतो. सुरू करायच्या आधी तेल कोमट करायला हवं. इथे हीटर टाक."

मी चूक शोधली हो! रात्रीचं जेवण गेलं नाही, इतकी शोधली! नाही सापडली.

आता बसलेय त्या हीटरचं ड्रॉइंग काढत... आणि मेलं, या वेळी खरंच त्यांनाच सुचलंय!