तिसरा रकाना

आदरणीय अध्यक्ष महोदय, माननीय कुलगुरूबाई, व्यासपीठावरील मान्यवर, मघापासून सातव्यांदा घड्याळाकडे पाहणारे आमचे उत्सवमूर्ती, पहिल्या रांगेतून मला ‘आवर’ अशी खूण करणारी माझी थोरली बहीण, आणि सहनशील श्रोतेहो,

मी सहावा वक्ता. आधीच्या पाच जणांनी सरांना ऋषितुल्य ठरवलं आहे. मी पेशाने वार्ताहर आणि नात्याने त्यांचा मेहुणा, तेव्हा माझ्याकडून तेवढी अपेक्षा नसावी. अतिपरिचयाने अवज्ञा होते म्हणतात. मेहुण्याला ती आंदणच मिळालेली असते.

भाऊजींचा विषय आंतरराष्ट्रीय तंत्रज्ञान आणि नवोन्मेष व्यवस्थापन. हे नाव एका दमात उच्चारायला ताईला लग्नानंतर चार वर्षं लागली. तोवर ती शेजारणींना ‘शिकवतात काहीतरी’ एवढंच सांगायची. सोप्या भाषेत सांगायचं तर, एका देशातलं यंत्र दुसऱ्या देशात गेलं की का नांदतं आणि का रुसतं, याचं हे शास्त्र. या शास्त्रात भाऊजींची कीर्ती ज्या निबंधाने झाली, तोच आपल्या मांडीवरच्या गौरवग्रंथात पहिला छापला आहे.

कथा आपल्याला ठाऊक आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी एका फरशीच्या कारखान्यात परदेशातून वाळवणभट्टी आली. कामगार ती दिवसातून आठ वेळा बंद करत. निष्कर्ष : नव्या तंत्राला कामगारांचा विरोध. हा निष्कर्ष अकरा देशांत शिकवला जातो.

परवा त्यांच्यावर लेख लिहायचा म्हणून मी त्या कारखान्यात गेलो. भट्टीवर तेव्हा होत्या त्याच बाई अजून आहेत. मी विचारलं, “तुम्ही ही बंद का करायचात?”

“बंद कोण करतंय? थांबवायचो. दहा मिनिटं. आमची माती पाणी धरून ठेवते. वरून वाळते, आत ओली राहते, मग तडकते. जरा थांबलं की आतली ओल बाहेर येते.”

“मग हे सरांना का नाही सांगितलंत?”

“साहेबांनी कागद पाठवला होता. त्यात दोनच रकाने, चालू आणि बंद. आम्ही बंदमध्ये खुणा केल्या. साहेब वर मॅनेजरच्या खोलीत चहा पीत होते. भट्टीच्या कंपनीचा मेकॅनिक मात्र दोन दिवस इथं स्टुलावर बसला. सगळं लिहून घेऊन गेला.”

पुढे त्या कंपनीने आपोआप थांबणारी भट्टी काढली. आणि त्या कंपनीच्या कल्पकतेवर उत्तम निबंध कोणी लिहिला? आमच्या भाऊजींनी! तो ग्रंथात दुसरा आहे.

काल सकाळी चहाच्या वेळी मी हे त्यांना सांगितलं. ते उठले. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. ताई म्हणाली, “अहो, बसा तरी.” ते म्हणाले, “तेव्हाच बसायला हवं होतं.” मग संपादकांना फोन केला, “पहिला निबंध काढा.” संपादक म्हणाले, “सर, बांधणी झाली.” मग भट्टीवरच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “उद्या या. भट्टी शेवटची पेटणार आहे. परवा भंगारवाले येतायत. माझी नोकरीही उद्या साडेपाचला संपते. त्याच्या आत आलात तर दाखवते.”

मग काल भर दुपारी ते माझ्याशी भांडत होते. “मी कबुली दिली तर लोक माझ्या नम्रतेलाच टाळ्या वाजवतील. तू सांग. तुला टाळ्या मिळत नाहीत.”

निरीक्षण अचूक आहे. म्हणून मी सांगितलं.

आता चार वाजून वीस मिनिटं झाली आहेत. कारखाना इथून पाऊण तासावर. माझ्यानंतर तीन वक्ते, मानपत्राचं वाचन, सरांचं उत्तर आणि अध्यक्षीय समारोप. महोदय, आपण सारे निवृत्तीचा निरोप द्यायला जमलो आहोत, आणि ज्याला द्यायचा त्यालाच जाऊ देत नाही, हा कुठला न्याय?

भाऊजी, उठा. गाडी खाली उभी आहे. वही मागच्या सीटवर आहे. ताईने काल संध्याकाळी तीन रकाने आखून ठेवलेत. मॅनेजरने चहा विचारला तर नाही म्हणा.

टाळ्या नकोत मंडळी, त्यांना दाराकडे वाट द्या.

या सभेने मला बोलू दिलं, त्याबद्दल आभार. उत्सवमूर्तीच पळवून लावली, हा माझा अपराध मोठ्या मनाने पोटात घालावा. आणि बातमीदारांच्या रांगेतल्या माझ्या मित्रांनो, समारंभ बंद पडला असं लिहू नका. थांबवलाय.