डॅमरिसचं माहेर

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि वॅडलो कुलमंडळाच्या आधारस्तंभ, सन्माननीय कॉर्नेलिया वॅडलो हार्कनेस. व्यासपीठावर उपस्थित असलेले आपल्या ॲशबोरो चर्चचे रेव्हरंड लूमिस. उद्यापासून माझी इतिहासकाराची खुर्ची सांभाळणारे आणि योगायोगानं अध्यक्षांचे जावई असलेले प्रेस्कॉट. मेनपासून ओरेगनपर्यंत कुठून कुठून गाड्या हाकत आलेल्या सात शाखांच्या सात रंगी फिती लावलेल्या माझ्या भावंडांनो. आणि सकाळपासून बीन्सची मडकी सांभाळून आता स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या राहिलेल्या बायांनो! तुम्हीही आत या, खुर्च्या आहेत. हे तुमच्याही कामाचं आहे.

आत्ताच कॉर्नेलियानं माझ्याबद्दल इतकं गोड बोलून घेतलं, की मला क्षणभर वाटलं मी गेलेच. माणूस गेल्याशिवाय आपल्या घराण्यात कुणी एवढं चांगलं बोलत नाही. अध्यक्षा म्हणाल्या, "लॉरेटा थकली आहे, तिला आता विश्रांतीची गरज आहे." मी थकलेले नाही. काल माझ्या अंगणातलं गवत मीच कापलं. मंडळी, मी निवृत्त होत नाहीये, मला काढलंय. समारंभ छान आहे, चाउडरचं सूप फक्कड झालंय, पण मला काढलंय. आणि उद्या सकाळी तुम्ही सगळे दफनभूमीत आपल्या मूळ जोडप्याच्या नव्या दगडाच्या अनावरणाला टाळ्या वाजवायला जाणार, त्याआधी का काढलं ते तुम्हाला कळायला हवं. प्रेस्कॉट, घड्याळाकडे बघू नकोस. सत्काराला उत्तर देणाऱ्या बाईला वेळेचं बंधन नसतं.

आता आपल्या मूळ जोडप्याबद्दल. निळ्या कापडी बांधणीचा कुलवृत्तांत तुमच्या प्रत्येकाच्या घरी आहे. वाचलाय किती जणांनी हे मी विचारत नाही. त्याच्या पहिल्याच पानावर आहे की ओबादाया वॅडलो जहाजातून मॅसॅच्युसेट्सला उतरला, बरोबर त्याची बायको डॅमरिस. ओबादायाचे आईबाप कोण ते ठाऊक नाही, आणि त्याचं कुणाला कधी दुःखही झालं नाही. पण डॅमरिस? ती म्हणे इंग्लंडातल्या सफक परगण्यातल्या, लिटल फेनिंगॅम गावच्या सर अँब्रोस थेल यांची कन्या. सर अँब्रोसची आजी अमक्या अर्लची मुलगी, तो अर्ल तमक्या राजाचा नातू, असं करत करत आपण सगळे राजघराण्यातले. हॅरलानची पेट्रोलपंपाची गादीसुद्धा एका अर्थानं सिंहासनच म्हणायची. हसू नकोस हॅरलान, तूच ती थेल घराण्याच्या चिन्हाची टोपी विकत घेतलीस.

हे शोधून कुणी काढलं? आपल्या पणजोबांनी. बुटांचा कारखाना जोरात होता, पैसा आला होता, आता कूळ हवं होतं. त्यांनी लंडनच्या एका वंशावळवाल्याला कामाला लावलं. त्याला डॅमरिस नावाची मुलगी हवी होती, ती सापडली. साल जुळलं, बाप्तिस्म्याची नोंद जुळली, बाप सरदार निघाला. गडी तिथेच थांबला. आता मला सांगा, बारसं पाहिलं आणि मयत पाहिलंच नाही, तर ते मूल जगलं की नाही हे कळणार कसं?

मी आयुष्यभर प्रसूतिगृहात परिचारिका होते. जन्माच्या आनंदात माणसं पुढचं काही विचारत नाहीत हे मी रोज पाहिलंय. म्हणून गेल्या मे महिन्यात मी स्वतः लिटल फेनिंगॅमला गेले.

चर्च लहानसं आहे. आत सर अँब्रोसचं थडगं आहे, संगमरवरी, वर त्याचा पुतळा, हात जोडून आडवा. कॉर्नेलिया पाच वर्षांपूर्वी तिथे जाऊन आली. तो फोटो आपल्या वार्षिकाच्या मुखपृष्ठावर होता, आठवतो ना? निळा कोट, मोत्यांची माळ, आणि मागे भिंतीवर लॅटिनमधल्या चार ओळी. त्या ओळी काय सांगतात हे आपल्यापैकी एकानंही विचारलं नाही. मी रेव्हरंड लूमिसना तो फोटो दाखवला. सांगा ना रेव्हरंड, काय लिहिलंय? नको, राहू द्या. आपल्या चर्चचं छप्पर कॉर्नेलियानं करून दिलंय, तुमची पंचाईत होईल. मीच सांगते. लिहिलंय की, 'पत्नी आणि एकुलती एक कन्या यांना आपल्या हातांनी पुरून तो एकटा राहिला. त्याच्याबरोबर त्याचा वंश संपला.' आणि त्या ओळींच्या पुढे उभी राहून आपली अध्यक्षा, त्याची वंशज म्हणून, हसते आहे.

काय म्हणालास प्रेस्कॉट? जरा मोठ्यानं बोल, मागच्या बाकांना ऐकू दे. हां. प्रेस्कॉट म्हणतो, त्या काळी एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवत, तेव्हा दुसरी डॅमरिस झाली असेल. प्रश्न चांगला आहे. तू अभ्यास केलास याचा मला खरंच आनंद झाला. पण बाबा, 'एकुलती एक' म्हणजे किती?

त्या दिवशी चर्चमध्ये आयव्ही कॅचपोल नावाच्या बाई फुलं बदलत होत्या. चर्चची देखरेख त्यांच्याकडे. मी अमेरिकेहून आलेय म्हटल्यावर त्यांनी एक उसासा टाकला.

"वॅडलो?"

"हो."

"वाटलंच. तुमच्याकडचे येतात, वरच्या थडग्याचे फोटो काढतात, पेटीत नोट टाकतात आणि जातात. खाली बघायला कुणी तयार नाही."

असं म्हणून त्यांनी थडग्यासमोरच्या गालिच्याची कड उचलली. खाली फरशीत एक दगड होता. माझ्या स्वयंपाकघरातल्या पीठ लाटायच्या फळीपेक्षा थोडा मोठा. त्यावर 'डॅमरिस थेल' आणि खाली 'वय वर्षे चार'. बस, एवढंच.

मी खाली बसले. या गुडघ्यांनी बसणं सोपं नाही, पण बसले. कॅचपोलबाई माझ्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "राग मानू नका हो, पण ही तुमची नाही. ही आमची. आमच्या गावातली मुलं ईस्टरला हिच्यावर फुलं ठेवतात. शंभर वर्षं तुम्ही लोक हिला आजी, पणजी, खापरपणजी म्हणताय. ती चार वर्षांची आहे हो!"

मंडळी, मला तिथे रडू आलं. सांगायला लाज कसली? चार वर्षांचं मूल गेलं की घरात काय उरतं हे मी पाहिलंय. त्या बापानं भिंतीवर आपलं दुःख दगडात कोरून ठेवलं, आणि आपण काय केलं? त्याची मेलेली लेक उचलली, तिला वीस वर्षांची केली, एका परक्या माणसाशी लग्न लावून जहाजात बसवली आणि तिच्या पोटी सात मुलं घातली. का? तर आपल्याला ताटावर घालायला चिन्ह हवं होतं! आणि तो फोटो नीट बघा. कॉर्नेलिया ज्या गालिच्यावर उभी आहे, त्याच्याच खाली ती आहे.

बस कॉर्नेलिया, उठू नकोस. आपण शाळेत एका बाकावर बसायचो. तुझा अपमान करायचा असता तर मी तो तेव्हाच केला असता, संधी पुष्कळ होत्या.

मी परत आले आणि समितीला सगळं सांगितलं. तीन आठवड्यांनी कॉर्नेलिया आणि प्रेस्कॉट माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. मी कॉफी केली, भट्टीतून ताजा काढलेला ब्लूबेरी पाय कापला. त्यातला अर्धा प्रेस्कॉटनं संपवला, ते असो.

"लॉरेटा," कॉर्नेलिया म्हणाली, "दगड ठरलाय. 'डॅमरिस, सर अँब्रोस थेल यांची कन्या' हेच राहणार. लोकांनी वर्गणी दिलीय, माझ्या त्या राजवंशीय स्त्रियांच्या सभेचं सभासदत्व याच नात्यावर आहे. आता नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ कशाला शोधत बसायचं?"

मी म्हटलं, "आपण कुठले ऋषी? आपले पणजोबा बूट विकायचे."

"अगं, पण कुणाचं काय बिघडतंय यात? ती चार वर्षांची पोर भांडायला येणार आहे का?"

"नाही ना येणार," मी म्हटलं, "म्हणून मीच भांडतेय."

मग तिनं बशी बाजूला सरकवली आणि म्हणाली, "तसं असेल तर या संमेलनानंतर आम्हाला नवीन इतिहासकार लागेल." आज तुम्ही जेवताय ते त्या वाक्याचं जेवण आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही आमची राजकन्या काढून घेतलीत, बदल्यात काय देता? तर ऐका. खऱ्या डॅमरिसचं माहेर मला सापडलं नाही. सव्वीस वर्षं शोधतेय. ती कुठे जन्मली, तिची आई कोण, तिला कुणी निरोप द्यायला बंदरावर आलं होतं की नाही, काहीच ठाऊक नाही. नाही सापडलं, असं म्हणायला मला जड जात नाही. आपल्या या छंदात तेवढंच एक वाक्य लोकांच्या तोंडून निघत नाही.

पण इथली डॅमरिस मला ठाऊक आहे. या गावातल्या तिच्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या बड्या आसामीनं आपलं कुंपण हळूच हिच्या जमिनीत सरकवलं. हिनं काय केलं? कुंपणाचे खांब उपटून घरात नेले आणि चुलीत घातले. न्यायाधीशानं विचारलं, असं का केलंस? ती म्हणाली, "थंडी होती." गावच्या दप्तरात हे तिचं एवढंच बोलणं उतरवलेलं आहे, आणि मला विचाराल तर ते सर अँब्रोसच्या सगळ्या लॅटिनपेक्षा भारी आहे. या बाईची नात म्हणवून घ्यायला तुम्हाला लाज वाटते? मला नाही वाटत! ती कोण्या सरदाराची नसेल, कोण्या मोलकरणीची असेल, अनाथ असेल, घरातून पळालेली असेल. असू दे. तिनं ज्यांना जन्म दिला ते आपण या सभागृहात बसलोय. तिला बाप उसना आणून देण्याची गरज नाही.

आता दगडाचं. आपल्याच पणजोबांनी मंडळाच्या घटनेत एक कलम घातलं, की इतिहासकाराच्या सहीशिवाय मंडळाच्या कुठल्याही दगडावर अक्षर कोरायचं नाही. दगड कोरणारे डॉमिनिक पेरीनी यांच्याकडे समितीनं मजकूर पाठवला, त्यावर सही प्रेस्कॉटची. डॉमिनिक तो कागद घेऊन माझ्या दारात आले.

"बाई," ते म्हणाले, "मला तुमची वंशावळ कळत नाही. पण करारावर इतिहासकार म्हणून तुमचं नाव आहे आणि इथे सही दुसऱ्याची. मी कुणाचं धरू?"

मी म्हटलं, "इतिहासकार मी आज आहे, शनिवारी रात्रीच्या भाषणापर्यंत आहे. माझं धरा."

आणि मी माझा मजकूर सही करून दिला. कॉर्नेलिया, पाणी पी. लपूनछपून काही केलेलं नाही, घटनेप्रमाणे केलंय. दगड गुरुवारी कोरून झाला, काल बसवला, कापडाखाली आहे. उद्या कापड ओढाल तेव्हा दिसेल, पण तुम्ही माझी माणसं, तुम्हाला आधी सांगते. त्यावर लिहिलंय:

'ओबादाया वॅडलो आणि त्याची पत्नी डॅमरिस. दोघांचेही आईबाप ठाऊक नाहीत. त्यांची मुलं आपण आहोत.'

ज्यांना हे पसंत नसेल त्यांनी छिन्नी घेऊन यावं आणि दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत, ग्रॅनाइटवर प्रयत्न करावा. दुपारी मी आयव्ही कॅचपोलना फोन केला होता. म्हटलं, तुमची मुलगी तुम्हाला परत. मग त्या म्हणाल्या, "गालिचा मी कालच काढून टाकला."

तर आता आभार. या चांदीच्या ताटाबद्दल मंडळाची मी ऋणी आहे. त्यावरचे थेल घराण्याचे तीन बगळे आपले नव्हेत, पण चांदी खरी आहे, ताट मी ठेवून घेते. बीन्स शिजवणाऱ्या बायांचे आभार, त्यांच्याशिवाय हे कुलसंमेलन कधीच मोडलं असतं. रेव्हरंड लूमिस यांचे आभार, ते गप्प बसले, पण खोटंही बोलले नाहीत. प्रेस्कॉट, खुर्ची घे, शोध चालू ठेव. तुला डॅमरिसची खरी आई सापडली तर मला सांगायला ये, ब्लूबेरी पाय मी अख्खा देईन. कॉर्नेलिया, तुझेही आभार. तू मला काढलं नसतंस तर हे बोलायला सभागृह मिळालं नसतं.

वय झालेली बाई आहे मी, बोलता बोलता कुणाला लागेल असं काही निघून गेलं असेल. माझ्या तोंडून उणंअधिक झालं असेल ते पोटात घाला. दगडावर मात्र काहीही चुकलेलं नाही.